कोसाडचा डबा

आमच्या घरात सरळ बोलणारं माणूस जन्मालाच आलं नव्हतं. मग मी आले, पण माझं ऐकतंय कोण!

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सुरतमध्ये उधन्याला लूमच्या कारखान्यात कामाला. तिथं मशीनचा खडखडाट एवढा, की शेजारच्याला काही सांगायचं तर खुणेनंच सांगायचं. धागा तुटला, खूण. चहा आला, खूण. शेठ आला, नुसती भुवई. दिवसभर असं मुकं राहिलेलं माणूस गोडादऱ्यात घरी आलं, की तोंड उघडायचं ते थेट पिक्चरच्या डायलॉगनं. आई विचारायची, "मीठ बरोबर आहे ना भाजीत?" अण्णा ताटावरून मान वर करून, आवाज खर्जात नेऊन म्हणायचे, "समंदर से नमक का हिसाब नहीं पूछते." आता मीठ जास्त झालं, कमी झालं, का ठीक आहे? आई बिचारी स्वतः चाखून बघायची. हे डायलॉग कुठल्या पिक्चरमधले, ते कधी कुणाला सापडलं नाही. मी एकदा मोबाइलवर शोधायला बसले तर म्हणाले, "जुना पिक्चर आहे, पडला तो." माझा आपला पक्का संशय आहे, लूमवर उभ्या उभ्या ते स्वतःच रचायचे.

आईची तऱ्हा वेगळी. ती बोलायचीच नाही, करायची. रागावली की तांब्या आदळायचा. पाहुणा नावडता असला तर चहा मिळायचा, पण "अजून घ्या ना" मिळायचं नाही. शेवभाजी केली म्हणजे पाहुणा जवळचा. आणि वरण-बट्टी केली, वर वांग्याची घोटलेली भाजी केली, म्हणजे विषय संपला, आता तो घरातलाच. आम्ही मूळचे खान्देशातले. आमच्यात मुलगी बघायला आलेले लोक जेवायला बसले तर तो होकार, आणि नुसता चहा घेऊन उठले तर नकार. कुणी कुणाला काही विचारत नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाची रडारड नाही. निदान तसं म्हणतात.

मी तेव्हा घरी बसून साड्यांना लेस लावायचे आणि बाहेरून बी.ए. करत होते. मामांनी एक स्थळ आणलं. मामा रिक्षा चालवतात, कोसाडच्या बाजूला त्यांच्या रोजच्या फेऱ्या. मुलगा तिथल्याच वसाहतीत राहणारा, भरतकामाच्या मशीन दुरुस्त करणारा. घराणं मराठवाड्यातलं. आई जरा कुरकुरली, "आपल्याकडचं नाही." मामा म्हणाले, "अगं, सुरतमध्ये राहून आपल्याकडचं काय, नि त्यांच्याकडचं काय?" हे वाक्य आम्हा सगळ्यांना पुढं फार महागात पडलं.

मुलगा, त्याची आई आणि वडील असे तिघं आले. त्याच्या आईच्या हातात स्टीलचा चकचकीत डबा, त्यात पेढे. मी पोह्यांचा ट्रे ठेवून, रीतीप्रमाणे मान खाली घालून पाटावर बसले. मोठ्यांची प्रश्नपत्रिका झाली. मग त्याचे वडील त्याला म्हणाले, "तुला काय इचारायचं ते इचार." तो घसा साफ करून म्हणाला, "खाली काही पडलंय का?"

"काय?" मी वर बघितलं.

"नाही, इतका वेळ खाली बघताय. काही हरवलं असेल तर मीपण शोधू लागतो."

मला हसू आवरेना. आईनं मागून चिमटा काढला तरी आवरेना. अहो, मला तो आवडला! तिथल्या तिथं आवडला. माझ्या हातात असतं तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

पण पुढं आईनं ताटं घ्यायला सुरुवात केली. सकाळपासून बट्ट्या वाफवून, कापून, तळून तयार. आणि मुलाची आई उठून उभीच राहिली. "न्हाई, न्हाई. आज जेवायचं न्हाई. येऊ की परत कवातरी." आईचा हात ताटावरच थांबला. अण्णांना काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून ते उठले आणि छाती पुढं काढून म्हणाले, "इस घर की रोटी इंतज़ार करना जानती है." मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कंचा पिक्चर?" अण्णा म्हणाले, "पडला तो."

मंडळी गेली. ओट्यावर बट्ट्यांचा ढीग. आम्ही दोन दिवस बट्ट्याच खाल्ल्या, आणि प्रत्येक घासाला मला रडू यायचं. आईनं एकच वाक्य काढलं, "जेवनात नहीत. समजनं ना?" समजलं होतं. सगळं समजलं होतं मला.

आणि वर तो डबा. मुलाची आई तो विसरून गेली होती! पेढे ताटात काढले होते आणि रिकामा डबा फळीवर तसाच. मला तो दिसला की डोकं फिरायचं. आई म्हणाली, नकार दिला म्हणून काय झालं, लोकांचं भांडं ठेवून घ्यायचं नाही आणि रिकामं तर पाठवायचंच नाही. तिनं डब्यात उन्हाळ्यात केलेल्या कुरडया गच्च भरल्या आणि मामांच्या रिक्षातून डबा कोसाडला रवाना. संध्याकाळी मामा आले. "काय म्हणाल्या?" आईनं विचारलं. "काहीच नाही. डबा बघितला, तोंड उतरलं, 'बरं' म्हणाल्या आणि दार लावलं." आईनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे होती नव्हती ती आशाही गेली.

पुढं कित्येक आठवडे आमच्याकडं कुणी त्या घराचं नाव काढलं नाही. मी लेस लावत बसायचे. लेस वाकडी लागायची, उसवायची, परत लावायची. मी आईला म्हटलं, "एक फोन करून विचारायला काय होतं?" आईनं तांब्या आदळला. अण्णा म्हणाले, "जिस दरवाज़े ने चाय लौटाई, उस पर दस्तक नहीं देते." आता त्यांनी चहा घेतला होता, बट्ट्या लौटवल्या होत्या! पण डायलॉगशी कोण भांडणार? मोबाइल दोन्ही घरांत होते, रिचार्ज मारलेले होते, आणि विचारायची हिंमत एकाही माणसात नव्हती.

मग आमच्या गल्लीत एका मुलीचं लग्न निघालं. गल्लीतच मांडव, सकाळी हळद, दुपारी जेवणं. हळदीत आमच्या बाया गाणी म्हणतात ती विहिणीला शिव्या घालणारी. विहीण किती खादाड, किती आळशी, तिचं तोंड केवढं. जिच्यावर गाणं म्हटलं ती खूश, आणि जिला शिव्या घालायच्या राहिल्या ती रुसून बसते. मी सांगितलं ना, आमच्यात सरळ काही नाहीच. त्या गोंधळात बघते तर काय, मांडवाच्या खांबाशी कोसाडच्या, त्या डब्यावाल्या बाई बसलेल्या! नवऱ्या मुलाकडून आल्या होत्या. पळून जावं म्हणून मी वळले, तर त्यांनीच हाक मारली.

"कुरडया चांगल्या होत्या गं," त्या म्हणाल्या. पण अशा आवाजात, की कुरडयांनी त्यांचं काहीतरी वाईट केलंय.

मी म्हटलं, "तुम्ही डबा विसरला होतात ना, म्हणून आईनं पाठवला."

"मी? मी डबा इसरीन व्हय?" त्या ताडकन म्हणाल्या. "आवं, मुद्दाम ठिवला हुता! पसंत पडली की भांडं ठिवून यायचं, म्हंजी परत येणार. आमच्यात तशीच रीत हाय. तुमीच तर परत धाडला. समजले मी, पोरीला आमचं लेकरू नगं."

"आणि तुम्ही जेवला नाहीत ते?"

"सोयरीक झाल्याबिगर पोरीच्या घरी जेवत असत्यात का? मिंधं व्हायचं असतं का आदीच?"

माझ्या कानात मशीन सुरू झाल्यासारखं झालं. "अहो, आमच्यात जेवले नाहीत म्हणजे नकार! आणि मला तर पसंत होता! मी कधीच पसंत केला होता!"

हे मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की बायांचं गाणं थांबलं. विहिणीची खादाडी अर्ध्यावर राहिली. हळकुंडं, तेल, पंचवीस-तीस बायका, सगळं माझ्याकडं बघतंय. आई कुठूनशी आली, तिनं ऐकलं, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "माय वं!" मग तिनं माझा दंड धरला नाही, मला रागावली नाही. ती सरळ पंगतीकडं धावली आणि अण्णांना ओढून घेऊन आली. हळद लांबलेली, तिकडं पंगत बसलीसुद्धा होती आणि अण्णा वाढायला लागले होते. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात डाव.

आईनं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा दोन सबंध वाक्यं. अण्णा त्या बाईंसमोर उभे राहिले. आता विचारायचं त्यांना होतं. ज्या घरानं नाकारलं असं ते इतके दिवस समजत होते, त्याच घराला, सगळ्या गल्लीसमोर, तुम्हाला माझी मुलगी हवी का, असं विचारायचं होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला वाटतं अण्णा लूमवरसुद्धा गेले नसते. त्यांनी छाती पुढं काढली, आवाज खर्जात नेला.

"एक बाप जब..." ते म्हणाले, आणि थांबले. पुढचं येईना. मी मनात म्हटलं, अण्णा, देवाशपथ, आज नको. बादलीतलं वरण हिंदकळलं.

"ताई," अण्णा म्हणाले, आणि तो त्यांचा साधा आवाज होता, मी फार कमी वेळा ऐकलेला. "मला बोलता येत नाही. माझी पोरगी चांगली आहे. तिला तुमचा मुलगा आवडलाय. तुम्हाला ती पाहिजे का?"

बाईंनी शेजारच्या थप्पीतली एक पत्रावळ ओढली, समोर मांडली आणि म्हणाल्या, "मग वाढा की! नुसती बादली धरून काय उभं ऱ्हायलात?"

अण्णांनी वाढलं. पत्रावळीत कमी, जमिनीवर जास्त. बाई सगळ्यांसमोर जेवल्या, आमच्या रीतीनं, आमच्या हातचं. आई पदरानं तोंड झाकून रडत होती. गाणाऱ्या बायांनी लगेच विहीण बदलली आणि कोसाडच्या बाईंना शिव्या घालायला सुरुवात केली. त्या खाता खाता मान डोलवत होत्या.

लग्न झालं. मी कोसाडला आले. काही दिवसांनी अण्णा कारखान्याची पाळी सुटल्यावर परस्पर आमच्याकडं आले, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. चहा घेतला, माझ्या सासूबाईंना एक डायलॉग ऐकवला. सासूबाईंनी कुठला पिक्चर ते विचारलं नाही, "पडला आसंल," एवढंच म्हणाल्या. अण्णा हसले आणि निघाले. मी पाणी प्यायला आत गेले तर माठामागं त्यांचा डबा. घासून, पुसून ठेवलेला.

मी गॅलरीत धावले. "अण्णा, डबा विसरलात!"

खाली रस्त्यावर गाड्यांचा आवाज. त्यांनी वर बघितलं आणि हातानं खूण केली, असू दे. आणि चालायला लागले. मला उभ्या जागी रडू कोसळलं.

संध्याकाळी आईचा फोन. "तुना बापना डबा कोठे शे?"

"इथं आहे. मामांबरोबर परत पाठवू का?"

"पागल व्हयनी का?" आई ओरडली. "ऱ्हाऊ दे तठेच! मी भाकर फडकामा बांधी दिसू."

अण्णा अजून फडक्यातच भाकरी नेतात.