धरणावरची सुरय

एका वादळानंतर परंड्याजवळच्या धरणावर मला दुभंगल्या शेपटीचा समुद्रपक्षी दिसला. आमच्या पक्षीमित्रांच्या गटातल्या ज्येष्ठ सरांना सांगितलं, तर ते सगळ्यांसमोर हसले. "ताई, परंड्यात कुठला समुद्र? घार असंल."

ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. शाळेत शिकवून घरी आले की मी सुरयसारख्या समुद्रपक्ष्यांच्या उडण्याचे व्हिडिओ बघत बसायची.

यंदाच्या वादळानंतर पुन्हा तसाच एक पक्षी आला. आमचा गट धरणावर जमला, आणि सर मोठा कॅमेरा घेऊन स्वतःच हजर झाले. पक्षी पाण्यावरून वळताच ते ओरडले, "काजळी सुरय!"

चूक मला लगेच कळली. तरी त्यांनी तेच नाव देऊन गटावर फोटो टाकेपर्यंत मी गप्प राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, काजळीची पाठ डोक्याइतकीच काळी असते. हिची तपकिरी आहे, आणि मानेवर फिकट पट्टा आहे. ही लगामी सुरय."

फोटो मोठा केल्यावर पट्टा स्पष्ट दिसला. कुणीतरी खुदकन हसलं. सर गाडीत जाऊन बसले.

मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. मी बांधावर बसून डबा उघडला. भाकरी लई गोड लागली.