कडी आतून

माझा पाय गेल्यापासून पुनर्वसन केंद्रातल्या समुपदेशक बाई मला व्हिडिओ कॉल करतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “खोलीत आणखी कोण आहे?”

“कुणी नाही,” मी ठोकून द्यायचो. प्रत्यक्षात फोन धरायला मेव्हणा, रडायला आई आणि माझ्या वतीने उत्तरं द्यायला बायको!

काल मेव्हणा शिंकला. बाई भडकल्या. “मला तुमच्याशी बोलायचंय, सभा घ्यायची नाही! सगळ्यांना बाहेर काढा. आणि कडी तुम्हीच लावायची.”

सगळे तणतणत बाहेर गेले. आजवर ज्यांना शिवलोही नव्हतो त्या कुबड्या मी ओढल्या, दातओठ खात दारापर्यंत गेलो आणि कडी लावली.

तेवढ्यात पलीकडून आई ओरडली, “बाई, त्याला समजवा हो! काही केल्या जागचा उठत नाही!”