एका शब्दाचं शुद्धिपत्र

अमरावतीच्या ज्या विभागीय कार्यालयात मी नोकरी करते, तिथं माझ्या टेबलावर विधिमंडळाचं काम असतं. आमदारांनी सभागृहात विचारलेल्या प्रश्नांना आमच्या विभागापुरती उत्तरं तयार करायची. मंत्रालयातून प्रश्न येतो, मी तो पाचही जिल्ह्यांना पाठवते, जिल्ह्यांची माहिती आली की ती एकत्र करते आणि साहेबांच्या सहीनं वर पाठवते. प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक योजना राबवली जात नाही हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरांची भाषाही ठरलेलीच. होय. नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. नोकरीला लागले तेव्हा हे शेवटचं वाक्य टाईप करताना मला हसू यायचं.

नागपूरला हिवाळी अधिवेशन लागलं की आमच्याकडे सकाळपासून फोन सुरू होतात. शाखेतल्या बाकीच्यांना मुलांच्या शाळा, सासू-सासरे, लग्नकार्यं असतात, म्हणून ते दिवस बहुतेक माझ्याच वाट्याला येतात. मी कधी नाही म्हटलं नाही. मी एकटी राहते. लग्न झालं नाही. का झालं नाही याचं सांगण्यासारखं काही कारण आता उरलेलं नाही. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत, खाली घरमालक राहतात, तेही बहुतेक वेळ पुण्याला मुलाकडे असतात.

माहेर अकोल्याचं. बाबा आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा त्या घरात एकटेच. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, नळ आले का. तेही तेवढंच विचारायचे. पाच-सात मिनिटांत बोलणं संपायचं. प्रत्यक्ष जाणं मात्र लांबत जायचं. बसनं दोन-अडीच तासांचा रस्ता, पण या महिन्यात ऑडिट, पुढच्या महिन्यात अधिवेशन, असं करता करता दिवाळीनंतर थेट उन्हाळा उजाडायचा.

गेल्या हिवाळ्यात एक तारांकित प्रश्न आला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. ज्येष्ठ नागरिकांसाठी जे नियम केलेले आहेत, त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी पोलीस ठाण्यांनी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जाऊन यायचं, अशी तरतूद आहे. प्रश्न असा होता की या याद्या ठेवल्या जात नाहीत व भेटी दिल्या जात नाहीत, हे खरे आहे काय. मी नेहमीप्रमाणे जिल्ह्यांना तक्ता पाठवला. अधिवेशन तोंडावर होतं म्हणून ईमेलच्या वर लाल अक्षरांत 'अत्यंत तातडीचे' असं लिहिलं.

आकडे आले, उत्तर तयार झालं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, मंत्र्यांना सभागृहात कुणी उलट प्रश्न विचारला तर हाताशी काहीतरी असावं, म्हणून पूरक टिपणीला एका ठाण्याची यादी नमुना म्हणून जोडा. जिल्ह्यांनी आकड्यांसोबत याद्यांच्या प्रती पाठवल्याच होत्या. त्यांतली अकोल्याच्या एका ठाण्याची यादी त्यांना पसंत पडली, कारण तिच्यात प्रत्येक भेटीची तारीख आणि शेरा होता. प्रत फिकट निघाली होती, म्हणून ती नव्यानं टाईप करायची ठरली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी टाईप करायला बसले. नाव, वय, पत्ता, भेटीची तारीख, शेरा. पहिल्या पानाच्या मध्यावर बाबांचं नाव होतं.

आधी वाटलं, त्यांच्याच नावाचं दुसरं कुणी असेल. मग पत्ता वाचला. आमचं ले-आउट, आमचा प्लॉट. भेटींच्या तारखा अकरा महिन्यांच्या होत्या, एकही महिना सुटलेला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पत्नी मयत. एक मुलगी, अमरावती येथे शासकीय नोकरीत. येणे-जाणे कमी.'

शाखेत सगळे होते. शेजारच्या टेबलावर संत्री सोलणं चाललं होतं, मलाही दोन फोडी दिल्या, मी खाल्ल्या. अकरा महिन्यांत बाबांनी मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. मी साहेबांकडे गेले आणि अकोल्याऐवजी बुलढाण्याची यादी जोडू का, असं विचारलं. त्यांनी कारण विचारल्यावर, ती जास्त स्पष्ट आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्या यादीत शेरे नाहीत, अकोल्याचीच राहू द्या.

परत येऊन मी ती ओळ टाईप केली. 'कमी' हा शब्द आला तिथं थांबले. मग 'येणे-जाणे आहे' असं टाईप करून पुढच्या नावाकडे गेले. इतक्या वर्षांत मी एकाही जिल्ह्याचा एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी केलं, आणि संध्याकाळी साहेबांच्या सहीनं ते नागपूरला गेलं.

शनिवारी सकाळी मी न कळवता अकोल्याची बस पकडली. बडनेरा, मूर्तिजापूर गेलं. शेतांत तूर उभी होती. बाबांना काय विचारायचं ते मी मनात जुळवत होते आणि प्रत्येक वेळी ते चौकशीसारखं होत होतं.

घराचं फाटक उघडंच होतं. बाहेर स्कूटी उभी. आत बैठकीत एक पोलीस बाई बसल्या होत्या, तिशीच्या असतील, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. बाबा त्यांना मिक्सरच्या मोटरबद्दल काहीतरी समजावून सांगत होते. मिक्सर उघडून पेपरावर ठेवला होता. तो त्या बाईंच्याच घरचा होता, हे मला नंतर कळलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही कोण?" पोलीस बाईंनी विचारलं. काका एकटे राहतात, कुणी अनोळखी आलं तर विचारावं लागतं, असंही त्या लगेच म्हणाल्या.

"मी मुलगी," मी म्हटलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. बसा ताई म्हणाल्या, आणि मी चहा ठेवते म्हणून आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. साखरेचा डबा आई गॅसच्या वरच्या फळीवर ठेवायची. मी तिथं हात घातला तर तिथं औषधं होती. डबा खालच्या कपाटात होता, त्यांनी तो न पाहता काढला. बाबांचे गुडघे दुखतात, वर हात करताना त्यांचा तोल जातो, म्हणून खाली ठेवलाय, असं त्यांनी मला सांगितलं. गुडघ्यांमुळे बाबांनी विहारात जाणंही बंद केलं होतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. दर पौर्णिमेला जातो, असं ते मला फोनवर सांगत आले होते. मी पाहुणीसारखी ओट्याला टेकून उभी राहिले.

चहा पिऊन, वहीत तारीख टाकून, बाबांची सही घेऊन त्या गेल्या. माझ्याबद्दल त्यांनी वहीत काही लिहिलं का, ते मला पाहता आलं नाही.

बाबा मिक्सरचे स्क्रू एकेक करून बसवू लागले. मी त्यांना माझ्या टेबलावर आलेल्या यादीचं सांगितलं. त्यांना त्याचं फार नवल वाटलेलं दिसलं नाही. सरकारी कागद कुठून कुठं जातो ते त्यांना माहीत होतं.

"तुमी मले सांगितलं काहून नाई?" मी विचारलं.

त्यांनी हातातला स्क्रू घट्ट बसवला. मग सांगितलं, ते तुकड्यातुकड्यांनी. आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी एकदा ते कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले. भाजीवाल्यानं काय देऊ विचारलं, तर यांच्या तोंडून आवाजच निघेना. घसा धरलाय असं वाटून ते घरी आले, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की रविवारच्या माझ्या फोननंतर ते कुणाशीच बोललेले नव्हते. तो दिवस शुक्रवार होता. त्याच आठवड्यात त्यांनी पेपरात वाचलं की एकट्या ज्येष्ठांनी पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं. चालत गेले आणि नोंदवून आले.

"तुले सांगितलं असतं तं तू घोर लावून घेतला असता," ते म्हणाले. "तुई नोकरी हाय. अन् मले काई दुखून नोतं राह्यलं. नुसतं बोलाले कोनी नोतं."

पेपरातलं ते निवेदन आमच्याच कार्यालयानं प्रसिद्धीला दिलं होतं. त्याचा मसुदा मीच केला होता. आधीच्या एका प्रश्नाच्या उत्तरात 'व्यापक प्रसिद्धी देण्यात येत आहे' असं लिहिल्यामुळे ती देणं भाग पडलं होतं. हे मी बाबांना सांगितलं नाही. मी शब्द बदलला ते मात्र सांगितलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"ते तं खोटं झालं," ते म्हणाले. "अन् त्या पोलीस पोरीनं खरं लिवलं होतं."

रविवारी मी तिथंच राहिले. भाकरी केल्या, पिठलं केलं. पाच वाजता आम्हा दोघांचंही लक्ष आपोआप फोनकडे गेलं. बोलण्यासारखं फार नव्हतं. ते पेपर वाचत बसले, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तरी घरात दुसरं माणूस वावरत होतं. शेवटच्या बसनं अमरावतीला आले.

सोमवारी साहेबांना सांगितलं की टाईप करताना माझ्याकडून एक चूक झाली आहे, शुद्धिपत्र पाठवावं लागेल. त्यांनी ओळ वाचली, आडनाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. नागपूरहून अधिवेशनाचं काम पाहणाऱ्या कक्षातल्या बाबूंचा फोन आला. इतकी प्रकरणं तुंबली असताना एका शब्दासाठी शुद्धिपत्र कशाला, असं ते म्हणत होते. मूळ नोंदीत तसं आहे, मी म्हटलं. बरं, जोडतो, म्हणाले.

उत्तराच्या दिवशी सभागृहातल्या प्रश्नांच्या क्रमात आमचा प्रश्न बराच खाली होता. त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत प्रश्नोत्तरांचा तास संपला आणि उत्तर छापील स्वरूपात पटलावर ठेवलं गेलं. छापील उत्तरात पूरक टिपणी नसते. ठाण्याची ती यादी कुणी पाहिली नाही, 'आहे'ही नाही आणि 'कमी'ही नाही.

जानेवारीत मी अकोल्याला विनंती बदलीचा अर्ज दिला. पद रिक्त नाही, असं उत्तर आलं. मग दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जाऊ लागले. मार्चमध्ये दोनदा चुकलं, एप्रिलमध्ये एकदा. पण जाते. बाबा आता फोनवर विहारात गेलो होतो असं सांगत नाहीत. गुडघा दुखतो, असं सांगतात.

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिलं वाक्य बोलताना माझाही आवाज खरखरीत निघतो, हे मला याच उन्हाळ्यात कळलं. आता शनिवारी-रविवारी इथं असले की मी दुकानात जाऊन एखादी वस्तू हातानं न दाखवता तोंडानं मागून घेते.

परवाच्या रविवारी पाचला फोन लावला. नळ आले का विचारलं. आले, म्हणाले. मग म्हणाले, उद्या त्या पोलीस बाई येणार आहेत, पोराला घेऊन येते म्हणाल्या, त्याला सायकलची चेन बसवायला शिकवायची आहे, बैठक झाडायची राहिली आहे.

"ठेवतो मंग," ते म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मी कूलरमध्ये पाणी भरलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले.