रजेवर गेलेला मिस्त्री

आमच्या घरात बोटीचे सिनेमे म्हटलं की कुठले, हे कुणाला सांगावं लागत नाही. एक खटारा मालवाहू बोट, तिची तोंडाळ कप्तानबाई आणि खाली इंजिनाशी गप्पा मारणारा म्हातारा मिस्त्री, असे ते सात सिनेमे. माझा नवरा मिसरूड फुटल्यापासून ते बघत आलाय. मी लग्नानंतर बघायला लागले, म्हणजे त्याच्या शेजारी बसून झोपायला लागले. बोटीचा भोंगा वाजला की मला हमखास डुलकी लागते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. इमारतींच्या गच्चीवरच्या त्या कोंदट मशीनरूममध्ये त्याचा जन्म चाललाय. लिफ्ट अडली की तो आधी तिला चुचकारतो, "काय झालं बाई, कोण बोललं तुला?" लग्न ठरण्याआधी हे मी एकदा ऐकलं आणि वाटलं, माणूस किती हळवा! नंतर कळलं की तो मिस्त्रीचा संवाद आहे, तिसऱ्या भागातला.

कामात त्याची एक शिस्त आहे. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी तो स्वतः मारतो, एकटा. वरपासून खालपर्यंत जाऊन आल्याशिवाय कुणाला आत पाऊल ठेवू देत नाही, मग बाहेर इमारतीचा मालक का ताटकळत असेना. कामावर हे ठीक आहे. पण घरात नवी खुर्ची आली तरी आधी हा बसून बघणार, मग मला बसवणार, आणि वर आपण माझ्या वजनाबद्दल काहीच बोललो नाही असा चेहरा करणार.

आमची लेक पंधरा वर्षांची. तिला आम्ही चिमणी म्हणतो आणि हल्ली ती त्यावरही भडकते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर कामावर जायची, बॅटरी धरून उभी राहायची आणि "बाबा, हे काय?" विचारून त्याचं डोकं खायची. गेल्या वर्षभरात तिचे सगळे प्रश्न संपले. उरलं ते "हं". जेवलीस? हं. पेपर कसा गेला? हं. माझ्याशी निदान भांडते तरी. बापाच्या वाट्याला नुसतं हं. तो बोलून दाखवायचा नाही, पण तिच्या खोलीचं दार लागलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला राग यायचा, तिचाही आणि त्याचाही.

अशात बातमी आली की इतक्या वर्षांनी आठवा सिनेमा येतोय. नवऱ्याने डोक्यात घेतलं की हा चिमणीबरोबर थेटरात बघायचा. "पण आधीचे सात बघितल्याशिवाय तिला कळणार कसं?" मग दर रविवारी दुपारी एक, असा बेत ठरला. चिमणीला मी डोळे वटारून राजी केलं.

पहिल्या रविवारी ती सोफ्याच्या या टोकाला मोबाईल घेऊन बसली आणि बाप त्या टोकाला. त्याचं लक्ष टीव्हीकडे नव्हतंच, तिच्या तोंडाकडे होतं. विनोद यायच्या आधीच हा हसायचा. घडीघडी सिनेमा थांबवायचा.

"हा माणूस लक्षात ठेव हं, पुढे कामाचा आहे."

"हं."

"कळलं ना, कप्तानबाई का चिडली?"

"बाबा, कळायला सिनेमा चालू तर ठेव!"

हं सोडून पोरगी काहीतरी बोलली, म्हणून हा खूश. पण ती कंटाळतेय हेही त्याने ताडलं होतं. पुढच्या आठवड्यापासून त्याने लिफ्टचा नियम घरात आणला. शनिवारी एकट्याने सिनेमा बघून घ्यायचा, कुठे ती जांभया देईल ते हेरायचं आणि रविवारी तेवढा भाग रिमोटने पळवायचा. असे आणखी दोन सिनेमे पार पडले. चिमणीने मोबाईल खाली ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही.

चौथ्याच्या शेवटी वादळ सुरू झालं, बोटीत पाणी शिरलं आणि याने टीव्ही बंद केला. "झालं. पुढे नुसती नावं येतात." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे चौथा भाग नेहमी तिथेच संपतो.

पाचवा चालू असताना चिमणीने अचानक मान वर केली. "मिस्त्री कुठेय?"

कित्येक महिन्यांत बापाला तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि याची पार त्रेधा उडाली.

"तो... रजेवर गेलाय."

"बोटीवर रजा असते?"

"असते की. बहीण आहे त्याची गावाला, तिच्याकडे गेलाय."

"मग इंजिन ती स्वयंपाकीणबाई का चालवतेय?"

"तेच तर! काल भाजी चिरणारी बाई आज इंजिन चालवते. या भागात लिहिणाऱ्यांनी नुसत्या पाट्या टाकल्यात." हे मात्र तो मनापासून बोलला. हे गाऱ्हाणं मी लग्नापासून ऐकतेय.

सहाव्यात कप्तानबाईने कपाटातून मिस्त्रीची टोपी काढली, जरा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. चिमणी म्हणाली, "रजेवर जाणारा माणूस टोपी ठेवून जातो का?" बाप पाणी प्यायला म्हणून उठला तो सिनेमा संपेपर्यंत स्वयंपाकघरातच रमला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून येऊन हात धूत होता. चिमणी खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल.

"मी चौथा पूर्ण बघितला. खोटारडा आहेस तू, बाबा! मेला ना तो? इंजिनखोलीत अडकून! आणि मला सांगतोस, रजेवर गेलाय. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मेला?" मी ओरडलेच. "म्हणजे बहिणीकडे नाही गेला?" मलाही लग्नानंतर हेच सांगितलं होतं आणि इतकी वर्षं मी त्याला बहिणीकडे सुखात समजत होते. पण माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

नवरा साबणाचे हात तसेच धरून उभा होता. "मला बघवत नाही गं," तो म्हणाला. "पहिल्यांदा थेटरात बघितला ना, तेव्हा मिस्त्रीने आतून दार लावून घेतलं आणि मी उठलोच. बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. त्यानंतर पुढचं कधी बघितलंच नाही. मला वाटलं, तुलाही वाईट वाटेल. मग तू नव्या सिनेमाला यायची नाहीस. एकटं जायचा कंटाळा आलाय मला."

चिमणीचा राग कुठल्या कुठे गेला. "म्हणजे पुढे काय होतं, तुला माहीतच नाही?"

"काय व्हायचंय? मेला."

"लगेच नाही मरत. ये इकडे."

तिने त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि रिमोट स्वतःकडे घेतला. वादळ आलं, पाणी शिरलं, ते बाकी बोटीत पसरू नये म्हणून मिस्त्रीने इंजिनखोलीचं दार आतून लावलं. नवऱ्याने मान फिरवली. चिमणीने हनुवटी धरून त्याचं तोंड पुन्हा समोर केलं.

"अजून वेळ आहे. तो भाग आला की मी सांगते."

आत अडकलेला मिस्त्री बोलण्याच्या नळीतून हाका मारत होता. नळीचं दुसरं टोक होतं स्वयंपाकघरात, आणि तिथे होती एकटी स्वयंपाकीण. मागचा पंप कसा सुरू करायचा ते तो तिला सांगत होता. कुठली झडप, केवढी फिरवायची, आवाज कसा यायला हवा. ती रडत म्हणाली, मला नाही जमणार. तो खेकसला, "मीठ किती घालायचं हे हाताला कळतं ना तुझ्या? मग हेही कळेल." पंप सुरू झाला. बोट सावरली. त्याचा आवाज एका वाक्याच्या मध्येच थांबला आणि ती झडप फिरवतच राहिली.

नवरा ढसाढसा रडत होता. मीही रडत होते. चिमणी मोठ्या शहाण्यासारखी दोघांना थोपटत होती.

"शिकवलं त्याने तिला," नवरा नाक पुसत म्हणाला. "म्हणून ती पाचव्यात..."

"मग? तुला वाटलं, उगीच?"

"आणि मी इतकी वर्षं त्या बाईच्या नावाने खडे फोडतोय!"

चिमणी हसली. मग म्हणाली, "नवा कधी लागतोय?"

"पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी."

"तिकिटं काढलीस?"

"नाही. म्हटलं, तू हो म्हणतेस की..."

"अरे बाबा! भरून जाईल ना थेटर!"

त्याने घाईघाईने मोबाईल काढला, पण डोळे इतके भरले होते की त्याला काही दिसेना. तेव्हा तिनेच तो त्याच्या हातातून घेतला आणि शेजारशेजारच्या दोन खुर्च्या निवडल्या. तुला यायचंय का, असं मला कुणी विचारलंसुद्धा नाही. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन एकटीच हसत बसले.