टेकाडाचा राखणदार

आमचा मामा एका मेलेल्या माणसाचा राखणदार होता. गावाबाहेरच्या माळावर गवताने झाकलेलं एक गोल टेकाड आहे. आत हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी पुरलंय. भोवती तारेचं कुंपण आणि पाटी: ‘संरक्षित स्मारक. खणू नये. आत बसून खाऊ नये. काही टाकू नये.’ पाटीचा रंग उडाला की मामाच नवा द्यायचा, त्यामुळे त्याला ती तोंडपाठ होती.

सोबतीला एक कुत्रा. दिवसभर झोपायचा, म्हणून नाव साहेब. तो टेकाडाच्या माथ्यावर ऊन खात पडायचा. त्याला वाचता येत नाही, असं मामाचं म्हणणं. जेवायच्या वेळी मामा कुंपणाबाहेर डबा उघडायचा. पहिला घास साहेबांचा.

एका हिवाळ्यात साहेब गेले. मामा लहान पोरासारखा रडला. मामी तशी जिभेची तिखट, पण तिचेही डोळे भरले. म्हणाली, “त्याच्या आवडत्या जागीच पुरा. अंधार पडला की खणा. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना!”

शेवटी त्याने कुंपणाबाहेरच्या खडकाळ जमिनीत घाम गाळून खड्डा खणला आणि वर एक दगड ठेवला. जमीन शेजारच्या शेतकऱ्याची. उद्या त्याने नांगर घातला तर? या धास्तीने मामाला जेवण जाईना. मला मात्र संताप यायचा. ज्या पुरातत्त्व खात्याने त्याला जन्मभर रोजंदारीवर राबवलं, त्याच्याशी एवढं इमान कशाला?

मग खात्याने ती जमीन विकत घेतली आणि कुंपण पुढे सरकवायला माणसं आली. मामा अधिकारी बाईंपुढे हात जोडून उभा राहिला. “बाई, त्या दगडाखाली माझा कुत्रा आहे. हलवू का?”

“छे हो काका! ती जागा आता कुंपणाच्या आत येणार. तिथे खणायची तुम्हालाही परवानगी नाही.”

घरी मामी म्हणाली, “तुम्ही राहिलात रोजंदारीवर, साहेब मात्र कायम झाले!” कितीतरी महिन्यांनी मामा पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर स्वारी नव्या कुंपणाबाहेर बसलेली.

“आत बस की त्याच्याजवळ,” मी म्हटलं.

“पाटी वाचली नाहीस?”

त्याने डबा उघडला, पहिला घास मोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तारेवरून आत टाकला. तेवढा एक नियम तो मग रोज मोडायचा.