पोळपाटावरचं इंग्रजी

प्रणिता म्हात्रे आयुष्यात सासूशी एकदाच खोटं बोलली, आणि तेही तिला धड पचलं नाही. माहेरी रोह्याला मामा आजारी आहेत, दहा-पंधरा दिवस जाऊन-येऊन असेन, असं सांगून ती पेणहून निघाली. तर सासूने, म्हणजे ठमाबाईने, मामांसाठी म्हणून तळून खायच्या मिरगुंडांची भलीमोठी पिशवी बांधून हातात दिली. आजारी माणसाला मिरगुंडं कोण पाठवतं, असं विचारायची सोय नव्हती. मामा तर चांगले ठणठणीत होते. प्रणिता चाळिसाव्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसली होती. ती मिरगुंडं तिने आणि तिची शाळेतली मैत्रीण सायरा हिने रोह्यालगतच्या अष्टमी गावात, सायराच्या घरी, दुसऱ्या दिवशीचा भूगोल वाचता वाचता, तळून फस्त केली.

या वयात ही अवदसा का आठवली, तर बालवाडीपायी. पेणला प्रणिताच्या आळीतच मालतीबाईंची बालवाडी होती. प्रणिता तिथे बारा वर्षं मदतनीस. शेंबूड पुसायचा, डब्यांची झाकणं उघडून द्यायची, रडणारं पोर कडेवर घेऊन खिडकीतली चिमणी दाखवायची, ही तिची कामं. पोरं मालतीबाईंना भ्यायची आणि प्रणिताला चिकटायची. बाईंचे गुडघे आता बोलायला लागले होते. आपल्यामागे ही बालवाडी प्रणितानेच चालवावी असं त्यांना वाटे, आणि प्रणितालाही जगात त्याहून दुसरं काही नको होतं. पण बालवाडीच्या मंडळाची अट होती: शिकवणारी बाई निदान दहावी पास हवी. प्रणिताची शाळा नववीतच सुटलेली. तिने गुपचूप बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तोही पेणला नव्हे, रोह्याला. पेणच्या केंद्रावर कोणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत आळीभर बोभाटा झाला असता.

मे महिन्यात निकाल लागला. सायराने उत्साहाने घरच्या नंबरावर फोन केला आणि तो नेमका ठमाबाईने उचलला.

"खाला, प्रणिताला सांगा, सगळे विषय सुटले! इंग्रजी तेवढं राहिलं. एकवीस पडलेत."

ठमाबाई फोन ठेवून पुन्हा पोळपाटावर येऊन बसली. तिच्या ओटीवर दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पोह्याचे पापड लाटायला आळीतल्या पाच-सहा बायका गोल करून बसत, आणि ठमाबाई त्या गोलाची सेनापती. तिने पंधरा-वीस पापड लाटून बाजूला टाकले. प्रणिता शेजारीच लाटत होती.

"एकवीसला नापास करतात काय?" ठमाबाईने एकदम विचारलं.

प्रणिताच्या हातातलं लाटणं थांबलं. "व्हय आई. पस्तीस लागतात."

"पस्तीस कशाने व्हतात?"

"अभ्यासाने."

"मंग इथं बसून कर ना गो! लपून चोर करतात." मग तिचा आवाज जरा उतरला. "परीक्षेचं नाय मला काय. पण मी त्या मामाच्या नावाने देवाला नारळ ठेवलाय. तो आता कुठं फोडू, ते सांग."

बायका इतक्या हसल्या की दोन लाट्या उन्हात गडगडत गेल्या. प्रणिता हसली आणि रडलीही. सासूच्या मनाला आपण इतकं कमी लेखलं याची तिला लाज वाटली, ती मात्र कितीतरी दिवस गेली नाही.

मालतीबाईंनी जुलैच्या फेरपरीक्षेला सरळ नाही म्हटलं. "पाया कच्चा आहे. एकवीस तेही देवाच्या कृपेचे असतील. मार्चला बस." मंडळाला त्यांनी पुढच्या जूनपर्यंत थांबायला लावलं. त्यानंतर मात्र मंडळ बाहेरून बाई आणणार होतं. त्याला बाईंचाही इलाज नव्हता.

रोज दुपारी पोरं घरी गेली की बाई तिला व्याकरण शिकवत. रूपं प्रणिता धडाधडा पाठ करी, पण वाक्य करायला सांगितलं की घोडं पेंड खाई. बाई वैतागून म्हणाल्या, "अगं, तू दिवसभर जे करतेस तेच बोल. दुसऱ्याची वाक्यं कशाला हवीत?"

ते बोलणं प्रणिताने ओटीवर नेलं. दिवाळीनंतर पापड सुरू झाले तशी ती लाटी हातात घेई आणि पुटपुटे, "आय रोल पापड. शी रोल्स पापड. यस्टरडे वुई रोल्ड पापड." ठमाबाईने कान टवकारले.

"माझं काय बोल ना."

"ठमाबाई इज रोलिंग पापड."

म्हातारी बेहद्द खूश झाली. तिने तिथल्या तिथे कायदा केला: प्रणिताने दर लाटीला एक वाक्य बोलायचं, चुकलं तर ती लाटी परत ढिगात. ठमाबाईला सही सोडून एक अक्षर येत नव्हतं, तीही ती अंगठ्याच्या लाजेने शिकलेली. पण कान तिखट. पिठात खार कमी पडला तर उखळातल्या मुसळाच्या आवाजावरून सांगणारी बाई ती. महिनाभरात तिला बरोबर वाक्याची चाल कळायला लागली. "नाय गो, हे वाजत नाय. परत बोल," असं ती म्हणे, आणि प्रणिता वहीत बघे तर खरंच काहीतरी राहिलेलं असे. बाकीच्या बायकाही सुरात सूर मिळवू लागल्या. फेब्रुवारीपर्यंत त्या ओटीवर ठमाबाई काल पापड लाटत होती, उद्या लाटणार होती, तिच्याकडून पापड लाटले गेले होते, आणि लाटले नसते तर काय झालं असतं तेही झालं होतं. पापड घ्यायला येणारा मितेश तर ओटीवर चढायलाच बिचकायचा. एकदा ठमाबाईने त्याला "व्हॉट डू यू वॉन्ट?" म्हणून विचारलं होतं.

यंदा प्रणिता उजळ माथ्याने रोह्याला निघाली. पेपर हातात आला. व्याकरणाचा प्रश्न तिने वाचला, परत वाचला, आणि तिच्या डोक्यात काळोख झाला. एक शब्द म्हणून आठवेना. चार महिने ओटीवर घोकलेलं सगळं गेलं कुठे? बालवाडीची खिडकी, कडेवरचं पोर, सगळं हातचं जाताना दिसायला लागलं.

बसल्या बसल्या तिने बॉलपेन बाकावर आडवं धरलं आणि दोन्ही तळव्यांनी पुढे-मागे फिरवलं. फिरवलं मात्र, ओठावर वाक्य आलं. पहिलं, दुसरं, तिसरं. हात स्वस्थ ठेवून तिने कधी इंग्रजी म्हटलंच नव्हतं, ते हातांशिवाय येणार कसं! ती पेन लाटे, पुटपुटे आणि भराभर लिही.

"ओ ताई! कोणाशी बोलताय?" सुपरवायझर बाई डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पेन उघडून आत पाहिलं, हॉलतिकीट उलटं-सुलटं केलं, पदर झटकायला लावला. काही सापडेना, तेव्हा त्यांचा संशय आणखीच वाढला आणि त्यांनी केंद्रसंचालकांना बोलावलं. पेपर बाजूला ठेवलेला.

"काय करत होता?" सरांनी विचारलं.

खोटं बोलून एकदा हात पोळले होते. "सर, पापड लाटत होते," ती म्हणाली.

वर्गातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं फिस्सकन हसली. सर हसले नाहीत. प्रणिताने रडवेल्या आवाजात ओटीवरची सगळी हकीकत सांगितली, अगदी परत ढिगात जाणाऱ्या लाटीपर्यंत. सर तिच्या हातांकडे बघत होते. तळव्यांना कडेने घट्टे पडले होते, ते काही एका रात्रीत पडणारे नव्हते.

"सासूबाई तुमचं इंग्रजी तपासतात?"

"व्हय सर. त्यांना वाचता येत नाय. ऐकून तपासतात."

सरांनी पेपर तिच्या हातात दिला. "शेवटच्या बाकावर बसा. लाटा, पण तोंड मिटून. दहा मिनिटं गेली ती मात्र देता येणार नाहीत."

दहा मिनिटं गेली म्हणून शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. पुढचे दोन महिने प्रणिताला तो अर्धा प्रश्नच दिसत होता. ठमाबाईने एकदाही विचारलं नाही, पण ती पापड जाड लाटू लागली होती, आणि हे आळीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी सगळ्या ओटीवरच होत्या. मालतीबाई काठी टेकत आल्या होत्या. प्रणिताने पिठाच्या बोटांनी मोबाइल उघडला, आकडा पाहिला आणि काच पदराने पुसून परत पाहिला.

"बोल ना गो बाय!" कोणीतरी ओरडलं.

"बावन्न."

एकच गलका झाला. मालतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "एक जूनला मुलं येतील. कडी-कुलूप तूच उघड," त्या म्हणाल्या, आणि प्रणिताला त्यांच्या पाया पडायचंही सुचेना.

त्या गडबडीत ठमाबाई जागची हलली नव्हती. लाटणं मांडीवर घेऊन ती थांबली होती. गलका कमी झाल्यावर तिने विचारलं,

"आन् माझे किती?"

बायका पुन्हा हसायला लागल्या. प्रणिताही हसणार होती, पण तिने सासूचा चेहरा पाहिला. म्हातारी थट्टा करत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिने परीक्षा दिली होती आणि ती निकालाची वाट बघत होती.

प्रणिता तिच्यासमोर बसली. "बावन्न, आई. तुमचे पण बावन्न."

"पास?"

"पास."

ठमाबाईने पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, ओटीच्या कडेला गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आमी इंग्रजीत पास झालो गो!"