बोट उचलेपर्यंत

माणूस हात पुढे करतो तेव्हा काहीच घडलेलं नसतं. तो हात मागे घेतो तेव्हा निर्णय होतो, आणि निर्णयाचं सगळं ओझं त्या मागे घेण्यात असतं. हे वाक्य एखाद्या जाड ग्रंथात शोभलं असतं. मला ते जालन्यात, धान्याच्या मोंढ्यामागच्या दोन खोल्यांच्या कचेरीत, पडद्यावर राखाडी बटण काढताना सुचलं, आणि तेव्हा मला सर्दी झाली होती.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी जिथे प्रोग्राम लिहायच्या नोकरीला होतो तिथल्या मालकांना पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची तयार सामग्री वापरणं कमीपणाचं वाटे. "आपली स्वतःची चीज पाहिजे," ते म्हणत. खरी गोष्ट अशी की गिऱ्हाइकांची मशीनं जुनी होती आणि तयार सामग्री त्यांच्यावर चालत नव्हती. मात्र 'स्वतःची चीज' हे पाटीवर लिहायला बरं दिसतं. तेव्हा खिडक्या, चौकटी, बटणं, सगळं मीच लिहायचं ठरलं.

बटण काढायला अवघड नसतं. चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ मारायची, खालच्या आणि उजव्या कडेला काळी. बटण उंच दिसतं. दाबलं की रेघांची अदलाबदल करायची आणि आतली अक्षरं एक ठिपका खाली सरकवायची. बटण आत गेल्यासारखं वाटतं. या सगळ्यात उजेड डावीकडून, वरून येतोय असं धरलेलं असतं. जालन्यात दुपारी वीज गेल्यावर तो मुळात असतो का, हा प्रश्न वेगळा.

माऊस दाबला की लगेच काम करायचं, असं मी लिहिलं. याहून वेगळं काही करता येतं हे डोक्यातही आलं नाही.

पहिला प्रोग्राम कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर एका जिनिंगच्या वजनकाट्याला बसवला. कापसाची गाडी काट्यावर उभी राहिली की वजनाचा आकडा वायरीतून कॉम्प्युटरकडे यायचा आणि बटण दाबलं की पावती छापली जायची. उद्घाटनाला मॉनिटरला झेंडूचा हार घातला. त्यात अर्धा पडदा झाकला गेला. आमच्या मालकांनी नव्या युगाच्या पहाटेवर भाषण केलं. दुपारचे दोन वाजले होते.

आठ दिवसांनी जिनिंगमधून फोन आला. आमचे मालक मला म्हणाले, "काटेवाला म्हातारा आहे, त्याला ट्रेनिंग द्या." मी एसटीनं गेलो. त्या रस्त्यानं येऊन एसटीतून उतरलेला माणूस कुणालाही काही शिकवायच्या अवस्थेत नसतो.

काट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. त्यांनी मला पाणी दिलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"साहेब, ह्या काट्यावर केस पांढरे केले मी. आजवर कुणी मला काटा मारतो म्हणलं न्हाई. आता म्हणून राह्यलेत. ह्या आठवड्यात हे बराबर न्हाई झालं तर मी घरी बसतो."

"झालं काय पण?"

"बसा हितंच. बघा."

एक बैलगाडी काट्यावर आली. बैल अस्वस्थ होते, त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या, वजन दाखवणाऱ्या डब्यावर लाल आकडे नाचत होते. मामांनी माऊसचं बटण दाबलं आणि बोट तसंच दाबून ठेवून खिडकीतून गाडीवाल्याकडे पाहिलं. इकडे प्रिंटर करकरू लागला होता. बैल थांबले, आकडा थांबला, गाडीवाला म्हणाला, "बराबर." मग मामांनी बोट उचललं आणि पावती फाडून दिली.

"मामा, डब्यावर येक अन् कागदावर येक? सात किलो कुठं गेलं?"

"मी काय खाल्लं का रं बाबा?"

"तुम्ही न्हाई, तुमच्या ह्या कॉम्प्युटरनं खाल्लं. मी बराबर म्हणायच्या आधीच छापून मोकळा! लई घाई झाली त्याला."

मागच्या गाड्यांवरचे दोघे हसले. मामा हसले नाहीत.

मी म्हणालो, "मामा, आधी विचारा आणि मग दाबा."

"हात ठिवणं म्हंजेच इचारणं हो. जुन्या काट्याला दांडी होती. दांडीवर हात ठिवायचा, गाडीवाल्याकडं बघायचं. तो बराबर म्हणला की हात काढायचा. हात काढला की वजन पक्कं. थांबा म्हणला तर हात बाजूला घ्यायचा, पुन्हा मांडायचं. सगळ्या शिवाराला म्हाईत हाय. तुमच्या मशीनला कुणी सांगितलं न्हाई काय?"

सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी मामांना तीन वेळा शिकवलं, आणि तिन्ही वेळा त्यांचं बोट गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघत दाबलेलंच राहिलं.

परत येऊन मालकांना म्हणालो, बटण बदलावं लागेल. ते म्हणाले, "बटणात काय बदलायचं? बटण म्हणजे बटण." मग ते एका सत्काराला गेले.

पुढचे चार दिवस मी एकच बटण लिहीत होतो. दाबलं की नुसतं आत जायचं, करायचं काही नाही. बोट उचललं की, आणि माऊसचा पडद्यावरचा बाण तेव्हा बटणावरच असेल तर, काम करायचं. बोट दाबलेलं ठेवून बाण बाहेर सरकवला तर बटण वर यावं, आणि बाहेर बोट उचललं तर काहीच होऊ नये. पहिल्या प्रयत्नात बाण बाहेर गेला की बटणाला पुढची खबरच मिळेना. ते जन्मभरासाठी आत गेलेलं राहिलं. शेवटी अशी सोय केली की बोट उचलेपर्यंत माऊसची प्रत्येक बातमी त्याच बटणाकडे जावी. नंतर कळलं की बाहेरच्या जगात बटणं आधीपासून अशीच चालत होती. आम्हाला मात्र स्वतःची चीज हवी होती.

आठवडा संपायच्या आत पुन्हा गेलो. गाडी आली. मामांनी बोट दाबून ठेवलं. प्रिंटर गप्प. "थांबा मामा, बैल हालून राह्यला," गाडीवाला ओरडला. मामांचा हात सवयीनं बाजूला सरकला, बटण वर आलं, बोट उचललं, कागद हलला नाही. पुन्हा दाबलं, पाहिलं.

"बराबर."

बोट उचललं. पावती आली. गाडीवाल्यानं ती डब्याशी दोनदा ताडून पाहिली आणि खिशात घातली. त्या दिवशी एकाही गाडीवाल्याची तक्रार आली नाही.

मामा घरी बसले नाहीत. पुढचे कितीतरी हंगाम ते त्याच खुर्चीत होते. मशीन कशी सुधारली असं कुणी विचारलं की ते मनापासून सांगत, "साहेबांनी प्रिंटरची रिबिन बदलली." त्या दिवशी मी ती बदललीही होती.